बेंदराच्या दुसऱ्या दिवशीची गोदामामी

मरनाचं लिहायचं म्हनलं की सुरुवात कशी करायची ते तुमाला ठाऊक हाय, आन् मलाबी ठाऊक हाय. अवेळी तार यायची, लिहिनाऱ्याच्या हातातला कप गळून पडायचा, आभाळ भरून यायचं, आन् गेलेलं मानूस दुसऱ्याच वळीत सोशिक, कष्टाळू, प्रेमळ होऊन जायचं. तुमी रुमाल काढून बसला असाल तर घडी करून परत खिशात ठिवा. माझी गोदामामी सोशिक नव्हती. कष्टाळू व्हती, पन त्यो काय गुन नव्हं, आमच्याकडं त्याला जगनं म्हनत्यात. आन् प्रेमळपनाचं म्हनाल तर जिनं माझं कान ओढून ओढून लांब केलं, त्या बाईबद्दल मी घाईनं सही करनार न्हाई.

मला कळलं तवा मी सांगलीच्या हळदीच्या पेठेत आमच्या अडत्याची नक्कल करत व्हतो. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवताना ह्या अडत्याला हटकून शिंक येती, आन् शिंक आली की समोरचा बिचारा भाव उतरवतोय. हमाल पोती टाकून हसत व्हतं. तेवढ्यात गावाकडचा गाडीवान येऊन उभा ऱ्हायला. त्याचं तोंड वाकडं झालेलं. मला वाटलं ह्योबी हसतोय, म्हनून त्याच्यासाठी मी आनखी एक शिंक दिली. "राघू, पुरं कर गड्या," त्यो म्हनला, "तुझी मामी गेली. तापानं. माझ्यासंगं चल, तुझ्यासाठी थांबल्यात..." राघू हे माझं पाळन्यातलं नाव न्हाई. ऐकलेलं तसंच्या तसं बोलतोय म्हनून मामीनंच ठेवलेलं.

सांगली आन् तासगावच्या मधी मामाचं गाव. पोचलो तवा अंगनात बायका घोळका करून उभ्या, आन् हळू आवाजात वाद चाललेला. बाईला आंघूळ घालून झालेली, आता नेसवायचं काय? सवाशीन म्हनून हिरवं लुगडं, का विधवा म्हनून पांढरं? कारन तिचा नवरा, माझा शिवामामा, लढाईवर गेला त्यो परत आला न्हाई, आन् मेला म्हनूनबी कुनी सांगितलं न्हाई. थोरलं मामा, म्हंजे शिवामामाचं थोरलं भाऊ, काठी टेकत दारात आलं आन् म्हनलं, "हिरवं नेसवा. बांगड्या भरा." सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडं बघायला लागल्या. बघनारच. कारन काही वर्साखाली हेच थोरलं मामा तिच्या बांगड्या फोडायला निघालं व्हतं. मधी काय झालं ते सांगतो. मधी शकूचा वाढदिवस झाला.

तवा मी तासगावच्या शाळेत शिकत व्हतो आन् मामाकडं ऱ्हात व्हतो. घरात थोरलं मामा, त्यांची बायको कवाच वारलेली, गोदामामी, तिची पोरगी शकू, आन् मी. शिवामामा पलटनीत. रजेवर आला की त्याची एक खोड व्हती. घराच्या आत पाऊल टाकायच्या आधी गल्लीतनंच हाळी द्यायचा, "दादा, बैलं पाजली का?" बायको-पोरगी मागनं. आधी दादा आन् बैलं. शेवटच्या रजेला आला तवा शकू रांगत व्हती. पलटनीतल्या एका सायबाच्या पोराचा वाढदिवस त्यानं बघितलेला, त्याची वर्ननं त्यानं चार दिवस सांगितली. पोरांच्या डोस्क्यावर कागदाच्या टोप्या, खायला गोड, मेनबत्त्या, आन् सगळ्यांला हसवायला एक नकल्या. जाताना मामीला म्हनला, "शकू पाच वर्साची झाली की आपन करायचा. गावात न्हाई झाला असा." मग त्यो आफ्रिकेकडं गेला. काही दिवस पत्रं आली, मग बंद झाली. मग पलटनीतनं सांगावा आला... बेपत्ता. मनीआर्डरी थांबल्या.

थोरल्या मामांला मी वाईट म्हननार न्हाई. त्यांला रोज सपनात भाऊ दिसायचा, पानी मागायचा. त्यांच्या मनानं घेतलं की शिवा गेला आन् त्याचा आत्मा तळमळतोय. भावकीतलं कुनी म्हनलं, बारा वर्सं वाट बघायची असती, तर ते वराडलं, "बारा वर्सं त्याला तान्हेला ठिवू व्हय?" आषाढातल्या अमुशेला दर्भाचा पुतळा करून क्रिया करायची ठरली. क्रिया झाली की मामीचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. मामी चुलीम्होरं बसून सगळं ऐकत व्हती. तिचं माहेर जतकडचं. तिकडची मानसं पान्याच्या थेंबाचाबी हिशेब ठिवत्यात, आन् बोलन्याचाबी. ती एवढंच म्हनली, "अमुशेच्या आधी बेंदूर हाय. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी शकूला पाच वर्सं होत्यात. वाढदिवस करनार मी."

मला वाटलं बाईच्या डोस्क्यावर परिनाम झाला. आमच्याकडं बारसं करत्यात, लगीन करत्यात, मधली वर्सं फुकट. आन् त्यातनं पोरीचा वाढदिवस! साखर रेशनवर, रॉकेल रेशनवर, घरात गव्हू सनापुरता. पन मामीचं गनित माझ्या मास्तरापेक्षा पक्कं व्हतं. तिनं मला गोठ्यात गाठून सांगितलं, "राघू, वाढदिसाला ववाळती कोन?"

"सवाशीन."

"मी ववाळनार. साऱ्या गावाम्होरं. पाटलीनकाकूनी माझ्या हातनं एकदा कुंकू लावून घेतलं की अमुशेला माझ्या बांगड्यांला हात कोन लावतंय ते बघू."

मग तिनं जे केलं ते सायबाच्या बायकोला जमलं नसतं. बेंदराला आमच्याकडं बैलांची लगनं लावल्यागत थाट असतोय. शिंगांला हिंगूळ, त्यावर बेगड, कपाळाला कागदी बाशिंगं, पाठीवर झूल. दुसऱ्या दिवशी ती बाशिंगं उकिरड्यावर जात्यात. मामी पहाटेच्या पारी गल्लीतल्या साऱ्या गोठ्यातनं हिंडली आन् बाशिंगं गोळा करून आनली. बैलाचं कपाळ मोठं, पोराचं लहान, म्हनून दोऱ्याच्या गाठी मारल्या. झाल्या टोप्या! शिंगांवरची बेगड सोलून दारावर तोरन. झुली पोरांला बसायला. खान्याचं म्हनाल तर बेंदराला घरोघर पुरनाची पोळी झालेलीच असती. मामीनं बोलावनं देतानाच सांगितलं, "पोरांला धाडा, आन् हातात कालची पोळी द्या." म्हंजे पाव्हन्यानं आपलं जेवान आपन आनायचं, आन् पंगत आमच्या घरची. वरनं तिनं शेंगांच्या कुटाचं आन् गुळाचं लाडू केलं. सुपारीएवढं. नुसतं गिळू नका, चावा, म्हनून पोरांला सांगायला मला उभं केलं. मेनबत्त्या न्हवत्या. मी म्हनलं, "मामी, सायबाची पोरं मेनबत्ती फुकून इझवत्यात." ती खवळली. "दिवा इझवून मोठं होत्यात व्हय कोन? लावून होत्यात!" तिनं कनकीचं पाच दिवं केलं. आन् ववाळायच्या तबकात सोन्याची अंगठी लागती, ती मोडून आमी कवाच जोंधळं खाल्लेलं. मामीनं शिवामामाच्या जुन्या कोटाचं पितळी बटन तोडलं, चिंचेनं घासलं, आन् तबकात ठेवलं. असं चमकत व्हतं की सोनं लाजंल.

हसवनारा नकल्या घरचाच. मी बैलाचं बाशिंग बांधून उभा ऱ्हायलो आन् आमचा ड्रिलमास्तर केला, मग रेशनवाला. ह्यो रेशनवाला काट्यावर माशी बसली तर माशीसकट साखर मोजायचा, आन् मोजताना श्वास धरायचा, सोडला तर पारडं हलंल म्हनून. पोरं लोळायला लागली. आया मातर उंबऱ्यापाशी पदराखाली हात घालून उभ्या. बघायला आलेल्या, घ्यायला न्हाई. थोरलं मामा गोठ्यापुढं आमच्याकडं पाठ करून बसलेलं, बैलाच्या शिंगाला तेल चोळत. "करा काय करायचं ते," सकाळीच म्हनलेलं, "मी मान वळवून बघनार न्हाई."

मामीनं शकूला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, अक्षदा टाकल्या, बटन फिरवलं, दिवं ववाळलं. मग करंडा घेऊन सरळ पाटलीनकाकूम्होरं गेली. काकू म्हंजे गावची वजनदार बाई, ती जे करंल ते बाकीच्या करनार. मामीचं कुंकवाचं बोट तिच्या कपाळाम्होरं थांबलं. काकूनी कपाळ म्होरं केलं न्हाई. "गोदे," ती हळूच म्हनली, "अमुशा तोंडावर आलीया. जरा इचार कर बाई... कशाला आमाला पापात घालतीस?" मामी हलली न्हाई. बोट तसंच. कुनी खोकलं, कुनी आपल्या पोराला हाक मारली, दोघी माघारी वळल्या. मी कडब्याच्या गंजीमागं गेलो आन् गल्लीतनं यावी तशी हाळी दिली.

"दादा, बैलं पाजली का?"

"पाजली की रं!" थोरलं मामा मान न वळवता म्हनलं. हात शिंगावर चोळतच व्हता. "तू आधी हात-पाय धू, शिवा..."

मग त्यांचा हात थांबला.

मामीनं बोट खाली घेतलं नव्हतंच. ती म्हनली, "ऐकलंसा न्हवं, काकू? मेलेल्या मानसाला वो देत्यात व्हय कोन?"

पाटलीनकाकूनी कपाळ म्होरं केलं. तिच्यामागं साऱ्या. एकीनंबी कपाळ चुकवलं न्हाई. पन शकू पाटावरनं उठून गंजीमागं पळाली. "बाबा आलं! बाबा आलं!" माझ्याजवळ येऊन थबकली, माझ्या बाशिंगाकडं बघितलं, आन् परत जाऊन आईला म्हनली, "कोन न्हाई. राघूदादाच हाय नुसता."

अमुशा आली आन् गेली. थोरल्या मामांनी पुतळ्याचं नाव परत काढलं न्हाई. मामीचं कुंकू राहिलं, बांगड्या राहिल्या. लढाई संपली, गावची दोन पोरं परतली, आमचा मामा आला न्हाई. कुनी कीव करायला आलं की मामी त्याला चहा न देता घालवायची. आता बेंदराच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात सारी पोरं बैलाची बाशिंगं घालून, पोळी हातात धरून हिंडत्यात. कशासाठी ते निम्म्यांला ठाऊक न्हाई. आन् मामी गेली त्या दिवशी, अंगनात बायकांनी थोरल्या मामांला विचारलंच, "हिरवं नेसवू, पन मामा, शिवाचं काय?" ते म्हनलं, "शिवाचं काय? मी त्याला वो दिलीया." हिरव्या लुगड्यात गेली माझी मामी, भरल्या हातानं, आन् सरकारच्या दप्तरात काय लिहिलंय ते दप्तरानं आपलं संभाळावं.

ते बटन शकूकडं हाय. गळ्यात दोऱ्यात घालती. दिवस झाल्यावर मी सांगलीला निघालो तवा ती बटन चाळवत म्हनली, "राघूदादा, आईचा आवाज काढ की. एकदाच." मला येतोय तिचा आवाज. खवळलेली येती, जतकडलं कानडी मिसळलेली येती, चूल फुकताना धापा टाकनारी येती. तिच्या तोंडावर शंभर वेळा केलीया, लाटनं खाल्लंय. पन शकूम्होरं तोंड उघडलं आन् परत मिटलं. कारन मला त्या वाढदिसाच्या दिवशी सांजच्याला बसलेल्या शिव्या आठवल्या.

पोरं पोळ्या खाऊन घरी गेलेली. मी आपला शाबासकीची वाट बघत चुलीपाशी बसलेलो. डाव कुनामुळं जिंकला? माझ्यामुळं. मामी आली, पैला कान धरला, मग बोलली.

"एनो? काय रं, कुनाचा आवाज काढलास?"

"मामाचा. पन मामी, तुझंच काम झालं न्हवं?"

"सुम कूड!" म्हंजे गप बस. "काम झालं ते माझं मी बघीन. पोरगी बाप म्हनून पळाली, ते बघितलंस? असलेल्या मानसाची नक्कल त्याच्या तोंडाम्होरं करायची असती, भाड्या. त्यो हसंल न्हाईतर कानफटात देईल, त्याचं त्यो बघंल. माघारी आवाज काढत्यात त्यो मेलेल्याचा. तुझा मामा मेलाय व्हय? मेलाय?"

"न्हाई."

"मग येऊ दे त्याला. त्याच्याम्होरं कर. तवर ह्या घरात त्यो आवाज काढलास तर जीभ हासडून बैलाम्होरं टाकीन." तिनं कान सोडला. माझ्या वाटची पोळी ताटात आदळली. मग चुलीकडं तोंड करून, जाळ सारत, हळू आवाजात म्हनली, "आन् चुकलास बी. दादा म्हनल्यावर त्यो जरा थांबतोय. दादा वर बघूस्तवर. मग बैलांचं इचारतोय... आला की नीट ऐक."