खटका एकच

माझ्या मूर्खपणाचे पुरावे बरेच आहेत हो, पण हा सगळ्यात भारी! चहा घ्या, सांगतो.

नव्वदीतली गोष्ट. मी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात एमएस करत होतो. स्टुडंट व्हिसा, म्हणजे स्वतःला मत नाही. पण जग बदलायची घाई केवढी! राज्यात लेफ्टनंट गव्हर्नरची निवडणूक होती. गव्हर्नरच्या खालची खुर्ची. एका उमेदवाराचं भाषण कॅम्पसवर ऐकलं आणि मी खल्लास! शाळांबद्दल काय पोटतिडकीने बोलला! त्याच्याच पक्षाचा गव्हर्नरपदाचा उमेदवार मात्र मला मुळीच पटेना.

दिवाळीच्या फराळाला सगळे मेश्राम काकूंकडे जमलो. काका-काकू नुकतेच अमेरिकन नागरिक झालेले. काकूंना पहिल्या मताचं कोण अप्रूप!

"सांग बाबू, कोणाला देऊ?"

मी चकली खाली ठेवली. "काकू, पक्ष नाही, माणूस बघायचा! लेफ्टनंट गव्हर्नरला आपला माणूस. पण तो गव्हर्नरवाला? काहीही झालं तरी त्याला मत जाता कामा नये. घ्या शपथ!"

"इथले नियम वाचलेस का यार?" माझा रूममेट सुध्या कुजबुजला.

"नियम कसले वाचतोस? विवेक वापर, विवेक!"

टाळ्या! मत असलेल्या झाडून सगळ्या काका-काकूंनी शपथ घेतली.

मतदानाच्या दिवशी मी आपल्याकडच्या कार्यकर्त्यासारखा माझ्या खटाऱ्यातून मतदार वाहत होतो. काकू पैठणी नेसून आलेल्या, वर जाडजूड जॅकेट. आत गेल्या त्या बाहेरच येईनात.

शेवटी आल्या. घामाघूम.

"काय झालं काकू?"

"अरे, मशीनवर दोघांची नावं एकत्र, खटका एकच! तिथल्या बाईला विचारलं. ती म्हणे, इथे गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नरची जोडीच निवडतात. वेगवेगळं मत देताच येत नाही."

"मग?"

"मग काय? शपथ म्हणजे शपथ! विरुद्ध पक्षाच्या जोडीचा खटका ओढला. काकांनाही बजावलं. बाकीच्यांना सकाळीच फोन करून शपथेची आठवण करून दिली होती मी. एकानंही मोडली नाही बघ!"

सुध्या गाडीला टेकून पोट धरून हसत होता.

रात्री निकाल लागला. आमचा माणूस आपटला. लगेच फोन खणखणला.

"बाबू, बघितलंस ना?" काकूंचा आवाज नुसता आनंदाने फुललेला. "पुढच्या इलेक्शनलाही वेळेवर सांग हं, कोणाला पाडायचं ते!"