चार नंबरची हवा

फिटरबद्दल लिहायचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. अठरा वर्षं आम्ही एकाच रुग्णालयाच्या देखभाल विभागात होतो. मी टेबलाशी, ते शिडीवर. तरी त्यांना मुलं किती, हे मी कधी विचारलं नाही. डबा ते उभ्यानेच खात. बसत का नाहीत, हेही विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत होती. त्यांच्या खिशात टिश्यू कागदाच्या, दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या असत. संसर्गाच्या रुग्णांच्या खोल्यांमधली हवा पंखे खेचून छपरावर सोडतात. त्यामुळे दाराच्या फटीतून वारा कायम आत जायला हवा, बाहेर येता कामा नये. फिटर बंद दाराशी उकिडवे बसून फटीजवळ पट्टी धरत. ती आत ओढली गेली की उठत. रोज, प्रत्येक दाराशी.

मग नवी इमारत झाली. ही इमारत स्वतः विचार करते, असं इंजिनिअरसाहेबांनी उद्घाटनाला सांगितलं. माणूस आला की दिवे लागत, ऊन वाढलं की पडदे उतरत. संसर्गाच्या प्रत्येक खोलीच्या दारावर छोटा दिवा होता. हिरवा म्हणजे हवा ठीक. साहेब वयाने आमच्या मुलांएवढे. फिटर पट्टी घेऊन दिसले की विचारत, "काय हवामान खातं, आज वारा कुठला?"

एके दिवशी फिटर म्हणाले, "चार नंबरचा उलटा आहे, साहेब. बाहेर येतोय."

"दिवा कोणता आहे?"

"हिरवा."

"म्हणजे एवढी इमारत सांभाळणारं यंत्र चुकलं आणि तुमचा नाक पुसायचा कागद बरोबर?"

सगळे हसले. मीही हसलो.

चार नंबरच्या समोरच वॉर्डच्या सिस्टरचं टेबल होतं, भिंतीत पक्कं बसवलेलं. फिटर तिला म्हणाले, "ताई, इथे बसू नका हो."

"दादा, कॉम्प्युटर इथे, फोन इथे, घंटाही इथेच वाजते. मी काय जिन्यात बसू? तुम्हीच तेवढा वारा वळवा की!"

वळवणार कसा? छताला यंत्रं बसवणाऱ्या कंपनीचं सील होतं, हात लावायची मनाई. म्हणून ते माझ्याकडे आले. मी तक्रार कॉम्प्युटरवर चढवली. यंत्राने आपलाच दिवा पाहिला आणि 'दोष नाही' म्हणून परत पाठवली. अशी तक्रार दोन दिवसांत बंद करावी लागे, नाहीतर वरून खुलासा मागत. बंद करताना एक चौकट यायची: तक्रारदार समाधानी? 'होय' केल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. मी होय केलं. फिटर चार वेळा आले. मी चार वेळा होय केलं.

"भाऊसाहेब, एकदा छत उघडून बघा म्हणावं. माझं कोण ऐकतंय? तुमच्या हातात लेखणी आहे."

"लिहिलंय हो मी."

खोटं नव्हतं ते. लिहिलं होतंच.

सात महिन्यांनी सिस्टरला क्षय निघाला. ती वाचली, पण फुप्फुस आक्रसलं ते आक्रसलंच. एक मजला चढताना दोनदा थांबायची. नोकरी सुटली. तेव्हा कुठे छत उघडलं. चारच्या पंख्याची झडप मिटलेली होती, आत सोडलेली हवा दाराच्या फटीतूनच बाहेर पडत होती, आणि चारच्या मापकाची नळी पाच नंबरच्या खोलीला जोडलेली होती. पाचची हवा मोजून चारच्या दारावर हिरवा दिवा जळत होता.

चौकशी बसली. साहेबांनी छापील यादी पुढे सरकवली. "चार तक्रारी. चारही वेळा तुम्ही समाधानी. मग पुढे गप्प का बसलात?"

फिटरनी यादी वाचली. मग टेबलाच्या टोकाला फाईल घेऊन बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

"यंत्रात तसं असेल तर असेल," फिटर म्हणाले.

त्यांनी मला वाचवलं की त्यांना माझी किळस आली, हे मला आजही कळलेलं नाही. खापर त्यांच्यावर फुटलं. वेळेआधी घरी बसवलं. साहेब दुसरीकडे आणखी हुशार इमारत बांधायला गेले. मी पुढे रीतसर निवृत्त झालो, मला पुष्पगुच्छही मिळाला. फिटर गेल्याचं गेल्या वर्षी कळलं, तेही दोन महिन्यांनी.

शेवटचे ते माझ्या टेबलाशी आले, सेवा संपल्याच्या कागदावर सही करायला. खिशात पट्ट्या नव्हत्या. कागद मीच टाईप केला होता. तळाशी नेहमीची ओळ होती: माझी कोणतीही तक्रार शिल्लक नाही. मी खुर्ची पुढे केली. ते उभेच राहिले.

"कुठे करू?"

"इथे. आणि मागच्या पानावर."

"वाचायला हवं का?"

"नाही, नेहमीचंच आहे."

"बरं." त्यांनी दोन्हीकडे सही केली. "पेन तुमचं."

"ठेवा तिथेच."