कापसातली कात

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा उघडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मधल्या सुटीत, मोठ्या भावाने पाठवलेला एक फोटो आला. मी अमरावतीला एका शाळेत विज्ञान शिकवतो. दादा दर्यापूरजवळ आमच्या गावी शेती पाहतो. फोटोत सापाची कात होती. पांढऱ्या कापसावर पांढरी कात, त्यामुळे खरं सांगायचं तर फोटोत काहीच दिसत नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत कोणाच्या तरी मुलीच्या साखरपुड्याचे पेढे वाटणं चाललं होतं. एका हातात पेढा, दुसऱ्या हातात फोन, अशा अवस्थेत मी दादाला फोन लावला.

"कुठं सापडली?"

"समोरच्या खोलीत. कापसाच्या गंजीवर."

आमच्याकडे वेचणीचा कापूस घरातल्याच एका खोलीत साठवतात. भिंतीला टेकून रचत जातात, दाराच्या चौकटीइतका उंच. लहानपणी आम्ही भाऊ त्याच्यावरच झोपायचो. सकाळी अंगाला खाज आणि केसांत सरकी. ऊब असते, उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. यात नवल नव्हतं. मात्र त्या दिवशी गाडी कापूस न्यायला दारात उभी होती, आणि गंजीत हात घालून गाठोडी बांधायला चार बायका आल्या होत्या.

"कवड्या असन," मी म्हणालो. "घरात फिरतो, पाली खातो. बिनविषारी. भरा गाडी."

"तुही वयनी म्हनते मण्यार हाय."

मी हसलो. ते हसू मला आता आठवलं तरी नकोसं वाटतं. "वयनीले कातीवरून काय समजते? मी तीस वर्षं झाले हेच शिकवून राहिलो."

दादाचा फोन स्पीकरवर होता. पलीकडून वहिनीचा आवाज आला, अजिबात न चढवलेला. "भाऊजी, शेपटीच्या खालून पायलं काय तुमी? खवले एकेरी हायेत."

"दादा, भरा गाडी," मी पुन्हा म्हणालो आणि फोन ठेवला. पेढा खाल्ला.

पुढचा तास माझा रिकामा होता. वह्या तपासायला घेतल्या, पण एकेरी हा शब्द डोक्यातून जाईना. वहिनी दहावीपर्यंत शिकलेली. सापाच्या शेपटीखालचे खवले एकेरी असतात की जोडीचे, हा प्रश्न तिला पडलाच कुठून? मी प्रयोगशाळेत गेलो आणि कपाटातून माझी बी.एस्सी.ची प्रात्यक्षिकाची वही काढली. दरवर्षी मुलांना ती दाखवतो. आकृती कशी काढावी, रेघ कशी सलग असावी, नावं एका बाजूला कशी लिहावीत. तीत 'विषारी व बिनविषारी साप ओळखणे' असं एक प्रकरण आहे. मण्यारीच्या पानावर पट्टे असलेला अख्खा साप होता आणि पाठीचा एक तुकडा मोठा करून काढलेला होता: मधल्या ओळीतले खवले बाकीच्यांहून मोठे आणि सहा कोनांचे. त्याच्या शेजारी शेपटीची खालची बाजू, एकामागे एक अशा सलग आडव्या पट्ट्या. कवड्याच्या पानावर त्याच जागी प्रत्येक पट्टी मधोमध चिरलेली, म्हणजे जोडीची. खाली सरांचा लाल शाईतला शेरा: आकृत्या उत्तम.

त्या आकृत्या मी काढलेल्या नाहीत.

ही गोष्ट मी कधीच कोणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी वर्षभर वसतिगृहात कॅरम खेळलो. परीक्षा चार दिवसांवर आली तेव्हा वही कोरी होती. मित्राची वही उसनी घेऊन गावी आलो. दादाचं लग्न त्याच वर्षी झालेलं. वहिनी घरात नवीन, वयाने माझ्याहून वर्षभराने लहानच. माहेरी तिला चित्रकलेची परीक्षा द्यायची होती, ती लग्नामुळे राहिली, हे मी आईकडून ऐकलं होतं. म्हणून तिलाच गाठलं. दोन दुपारी ती ओसरीत भिंतीला टेकून बसली, गुडघ्यावर पाट, पाटावर माझी वही. मी मित्राच्या वहीतली आकृती तिच्यापुढे धरून खालचा मजकूर मोठ्याने वाचायचो, ती पाहत, ऐकत काढायची. मध्येच थांबून विचारायची, "हे मधलेच खवले मोठे काहून?" मी म्हणायचो, "काढा ना वयनी, विचारू नका. टाइम नाही." मी वाचलं आणि विसरलो. तिने काढलं, म्हणून तिच्याजवळ राहिलं.

हे सगळं तिथेच उभ्या उभ्या आठवलं. मण्यार चावली तर ना सूज येते ना फारसं दुखतं. माणसाला कळतही नाही. काटा बोचला असेल म्हणून बाई काम करत राहील, आणि संध्याकाळी पापण्या जड झाल्या म्हणून अंथरुणावर जाऊन पडेल. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. त्याच तोंडाने मी गाडी भरा म्हणालो होतो.

दादाला फोन लावला. उचलला नाही. वहिनीला लावला, तो व्यस्त लागत होता. मुख्याध्यापकांना घरी अडचण आहे एवढं सांगितलं, वही पिशवीत टाकली आणि मोटारसायकल काढली. त्या तासाभराच्या रस्त्याबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंना पऱ्हाटीला बोंडं फुटलेली होती आणि मला प्रत्येक शेतात हात दिसत होते, कापसात जाणारे.

गाव आलं. गाडी दारातच उभी होती, रिकामी. ड्रायव्हर स्टिअरिंगवर पाय टाकून झोपला होता. चारही बायका अंगणात निंबाखाली बसून तंबाखू मळत होत्या. मी त्यांचे आठही हात पाहिले. आणि समोरच्या खोलीच्या उंबरठ्यावर, दार पाठीशी ओढून घेऊन, वहिनी बसली होती. मांडीवर परात, परातीत तांदूळ. निवडत होती. शेजारी दादा, दुपारपासून भांडून आवाज बसलेला.

"आला तुहा मास्तर," दादा तिला म्हणाला. "आता तरी उठ. मास्तरच म्हनते, कवड्या हाय."

"मास्तरनं फोटो पायला," वहिनी म्हणाली. "म्या कात पायली."

"पंचाइत हाय बुवा," चौघींतली म्हातारी निंबाखालून म्हणाली. "नवरा म्हनते भरा, बायको म्हनते नोका भरू. आमचा रोज गेला तर गेला, पन तमाशा मस्त पायाले भेटला."

बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. वहिनीने परात बाजूला ठेवली आणि खिडकीकडे बोट दाखवलं. आतल्या बाजूने, ओली करून, तिने कात काचेवर चिकटवून ठेवली होती. मी जवळ गेलो. दुपारचं ऊन थेट काचेवर पडत होतं आणि खवला न् खवला उमटला होता. मण्यारीच्या अंगावरचे पांढरे पट्टे कातीत दिसत नाहीत, रंग सापाबरोबर निघून जातो. उरतो तो फक्त नकाशा. पाठीच्या मध्यावरून सहा कोनांच्या मोठ्या खवल्यांची एक सरळ ओळ, मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखी. शेपटीचा भाग तिने मुद्दाम उलटा चिकटवला होता. सलग पट्ट्या, एकही चिरलेली नाही. डोक्याकडे डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्याही शाबूत होत्या. इतकी नीट मांडलेली कात मी कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिलेली नाही.

"मण्यारच आहे," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला, म्हणून अंगणाकडे तोंड करून पुन्हा म्हणालो. "दादा, मण्यार आहे. मी न पाहताच बोललो."

दादाला राग माझा आला की स्वतःचा, कळलं नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. धोका टळला होता. पण पिशवीतली वही मला जड झाली होती. मी ती काढली, मण्यारीचं पान उघडलं आणि त्याच्या हातात दिलं.

"ही आकृती वयनीनं काढली हाये. ही, आन् मागच्याही साऱ्या. मी एकही नाही काढली. तिले हे तवापासून ठाऊक हाय. मलेच नाही."

दादाने पान पाहिलं, लाल शेरा पाहिला, मग खिडकीवरची कात पाहिली. "तू तं म्हने पयला आलता आकृत्यांत," तो म्हणाला. "आईनं पेढे वाटले होते."

"हो."

निंबाखालून म्हातारीने विचारलं, "मंग पास कोन झालं जी मास्तर?"

या वेळी सगळ्या हसल्या, ड्रायव्हरही जागा होऊन हसला. वहिनी हसली नाही. तिने पदराने हात पुसले आणि दादाला म्हणाली, "दर्यापूरच्या वायरमनले फोन केला हाय म्या मघाच. ते येतेच."

हा वायरमन साप पकडतो. तो अर्ध्या तासात आला, काठी, बरणी आणि टॉर्च घेऊन. आम्हाला बाहेर उभं करून तो लांब दांड्याच्या दाताळ्याने गंजी थोडी थोडी पुढे ओढत गेला. पांढरा ढीग अंगणात वाढत गेला. तळाशी, भिंतीच्या कोपऱ्यात तो साप निघाला.

मी आजवर बरणीत घातलेल्या, औषधात फिक्या झालेल्या मण्यारी पाहिल्या होत्या. ही नुकतीच कात टाकलेली होती. काळा रंग इतका गडद की त्यात निळसर झाक दिसावी, आणि त्यावर दुधासारख्या बारीक पांढऱ्या रेघा. मानेजवळ पुसट, शेपटीकडे जावं तशा ठळक. दिवसाउजेडी ती सुस्त होती. फणा नाही, फुत्कार नाही. उजेड पडला तशी तिने डोकं स्वतःच्याच वेटोळ्याखाली घातलं, लाजऱ्या पोरीसारखं. तिच्यात काही वाईट नव्हतं. तिला ऊब हवी होती आणि उंदीर हवे होते, आणि आम्ही दोन्ही गोष्टी एकाच खोलीत रचून ठेवल्या होत्या.

वायरमनने तिला अलगद बरणीत घेतलं. "मण्यार," तो म्हणाला. "कोनं वळखली?"

चारही बायकांनी वहिनीकडे बोट केलं.

"पायली होती?"

"न्हाई. कात पायली," वहिनी म्हणाली.

तो खिडकीपाशी गेला, बराच वेळ पाहत राहिला. "वयनी, मले कातीवरून जमलं नसतं," तो म्हणाला. "म्या तं अंदाजानं हात घातला असता."

वहिनी बरणीजवळ गुडघ्यांवर बसली. तिने मण्यार आयुष्यात पहिल्यांदा जिवंत पाहिली होती. जी तिने माझ्यासाठी मित्राच्या आकृतीवरून उतरवली होती, ती आता समोर श्वास घेत होती. ती पाहत असताना अंगणात कोणी घाई केली नाही, दादानेही नाही. मी तिच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "वयनी, मी फोनवर जे बोललो ते..."

"राहू द्या," ती बरणीवरून नजर न हलवता म्हणाली. "माफी मागायची तं या चौघींची मागा. हात त्यायचे जानार होते."

मी उठून निंबाखाली गेलो आणि मागितली. म्हातारीने तंबाखूची डबी पुढे केली. म्हणाली, "घे, मास्तर. आन् आता गाठोडं धराले ये. दिवस गेला आमचा तुह्यापायी."

संध्याकाळ होईपर्यंत मी गाठोडी धरली. वायरमनने मोकळी करून दिलेल्या कापसातही चौघी आधी काठी फिरवायच्या, मग हात घालायच्या. वहिनीने तसं सांगितलं होतं, आणि आता तिने सांगितलेलं कोणी दुसऱ्या कोणाला विचारून पाहत नव्हतं. दादासुद्धा नाही. गाडीला ताडपत्री बांधताना त्याने तिला विचारलं, "भिताडाच्या बुडाले बिळ हाय, बुजवू काय?" साधा प्रश्न होता. पण तिच्याकडून अशा कामात होकार मागणारा दादा मी पहिल्यांदा पाहिला.

गाडी गेल्यावर चहा झाला. मी निघायला म्हणून वही शोधू लागलो. ती वहिनीजवळ होती. ओसरीत, त्याच भिंतीला टेकून, गुडघ्यावर पाट घेऊन ती बसली होती. चष्मा नाकावर. नातवाचं खोडरबर आणि पेन्सिल हातात.

"पट्टे चुकले होते माहे," ती म्हणाली. "म्या एकेक रेघ काढली, सारख्या अंतरानं. ते तं जोडी-जोडीनं हायेत, दोन रेघा जवळ, मंग जागा, मंग पुन्हा दोन. तुमच्या मित्राच्या वहीतच चूक होती."

लाल शेऱ्याच्या अगदी वर तिने जुन्या रेघा खोडल्या होत्या आणि नव्या काढत होती. रेघ सलग होती. ही वही मी अमरावतीहून परत न्यायला नाही, जिची तिला द्यायला आणली होती, हे तेव्हा मला समजलं.

"राहू द्या तुमच्यापाशी," मी म्हणालो.

"ठेवतोच," ती म्हणाली. "घोणस पन पाहाची हाय मले एकडाव. तिचंही पान काही बरोबर वाटत नाही."