काकाजींचा अ‍ॅनाक्रॉनिझम

इतिहासावर इतका जीव टाकणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात मी दुसरा पाहिला नाही, आणि या माणसाला एकाही लढाईचं साल सांगता येत नव्हतं. माझ्या मावशीचे यजमान, आम्हा भाचरांचे काकाजी, यांचं धाड गावी कापडाचं दुकान होतं. राजे, तह, वंशावळी यांच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. त्यांचं प्रेम होतं ते इतिहासाबद्दल बोलायच्या इंग्रजी शब्दांवर. तरुणपणी ते अमरावतीला वर्षभर कॉलेजात होते. तिथे इतिहासाचे कुणी प्रोफेसर वर्गात इंग्रजी बोलत आणि काकाजी शेवटच्या बाकावर डोळे मिटून ऐकत. मग वडील गेले, शिक्षण सुटलं, दुकान गळ्यात आलं. पण अत्तरवाल्याकडे बसून आल्यावर सदऱ्याला वास राहावा तसे ते शब्द त्यांच्या अंगाला राहिले. डिक्लाइन, एपॉक, लेगसी, आफ्टरमाथ. ते हळूच, तोंडात खडीसाखर घोळवल्यासारखे म्हणायचे आणि मग समोरच्या गिऱ्हाइकाच्या पलीकडे, डोंगराच्या निळसर रेघेकडे बघत राहायचे.

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं. माझी धाडच्या शाळेत नेमणूक झाली आणि मी मावशीकडेच राहायला गेले. त्याच सुमाराला दुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज जाऊन मीटर आला. इतर दुकानदारांनी त्रागा केला. काकाजींनी मात्र गज हातात घेतला, फडक्यानं पुसला आणि म्हणाले, "एंड ऑफ अ‍ॅन एरा." बाजारच्या दिवशी एक म्हातारबुवा धोतर मागत होते, तर काकाजी त्यांना सांगायला लागले, "बुवा, आपन सारे सध्या ट्रान्झिशनमधून जाऊन राह्यलो." बुवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेथून याले वेळ लागत असन तर मी तोवर मिरच्या घेऊन येतो." मावशीच्या हातून दूध उतू गेलं की चुलीभोवती 'आफ्टरमाथ' व्हायचा. तिचा धाकट्या दिराशी अबोला सुटला तो 'रेस्टोरेशन'. आणि दुपारी जेवून आडवं होताना ते म्हणत, "आता जरा डार्क एजेस." दुपारभर दुकानात कापडाच्या ठाणांच्या खळीचा वास दरवळत असे, माशी गुणगुणत असे, आणि त्या अर्धवट अंधारात घोरणंही मला पुरातन वाटायचं.

मावशीला या शब्दांची धास्ती होती. तिची मुलगी सुमन मॅट्रिक झाली आणि डोणगावच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडचं स्थळ चालून आलं. मुलगा शिकलेला, घर खातंपितं. पाहुणे यायच्या सकाळी मावशीनं काकाजींना देवासमोर उभं केलं.

"आज तोंडातून इंग्रजी निघालं तर पाहा. पोरीचं जुळू द्या."

"हाव," काकाजी म्हणाले. "आज मी सायलेंट पीरियड."

"हेच! हेच नको!"

पाहुणे आले. काकाजी खरोखर गप्प बसले. पीकपाणी झालं, पोहे झाले, सुमन येऊन पाया पडून गेली. मुलगा मान खाली घालून बसला होता. मुलाच्या वडिलांनी मिशीवरून हात फिरवला.

"पोरगी पसंत हाये. पन तिले कॉलेजात जायाचं हाये असं आयकलं. ते काही जमनार नाही. आमच्या घरात सुना उंबऱ्याच्या आत राह्यतात. आजीच्या वक्तापासून असंच हाये."

दाराआड सुमननं माझा हात घट्ट धरला. आत शिरून काही बोलावं की नाही, मला कळेना. तेवढ्यात काकाजींचा तो स्वप्नातला आवाज आला.

"पाहुणे, हे अ‍ॅनाक्रॉनिझम झालं."

"कोनाले झालं?" पाहुण्यांनी विचारलं. "पोरीले?"

"एकट्या पोरीचं काय घेऊन बसले? घरोघरी हाये. लय जुनं हाये. पिढ्यान्‌पिढ्या चालून राह्यलं, पन कोनाच्या ध्यानात येत नाही."

पाहुण्यांनी पोह्यांची बशी लांब सरकवली. पाणीसुद्धा न पिता ते उठले. मुलगा तेवढा दारात एकदा मागे वळला.

त्यानंतर मावशी काकाजींशी बोलेना. भाकरी ताटात पडायची, शब्द नाही. सुमन उगीच तांदूळ निवडत बसायची. काकाजींनी या अवस्थेला काही नाव दिलं नाही, तेव्हा त्यांना किती लागलंय ते मला कळलं.

एका बाजारच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात डोकावले, तर तोच मुलगा गादीवर बसलेला. शर्टाचं कापड बघायला आलो म्हणाला. काकाजींनी खाली मान घालून ठाण उलगडलं, मग दुसरं. तिसऱ्या ठाणाला त्यानं विचारलं, "काकाजी, त्या दिवशी तुमी जो शब्द बोलले, तो रोग नाही ना?"

काकाजींचा चेहरा उजळला. "नाही रे बाबू! हे पाहा, आता मीटर आला. तरी कोनी गज धरूनच बसला, तर काळ पुढं निघून जातो अन् तो मानूस तेथंच राह्यतो. त्याले म्हन्तात."

मुलगा बराच वेळ कापडाचा पोत बोटांनी चाचपत राहिला. "मंग आमच्या बाबाले तुमी बरोबरच बोलले. तिले शिकू देऊ. बाबाले मी समजावतो. आईच्या मनात त्या रोगाचं भेव बसलं हाये, ते तुमी येऊन काढा."

काकाजी डोणगावला गेले आणि ते भेव काढून आले. काय बोलले कुणास ठाऊक. मावशी म्हणायची, नक्कीच आणखी एखादा शब्द घातला असणार. लग्न झालं. सुमन सासरी राहून कॉलेज शिकली. सासऱ्यांनी वर्षभर कुरकूर केली आणि मग तेच तिला एस.टी.पर्यंत सोडायला जाऊ लागले.

पुढे माझी बदली झाली. पुष्कळ वर्षांनी धाडला गेले तेव्हा मावशी जाऊन थोडेच महिने झाले होते. दुकान आवरतं घेतलेलं. सुमन आणि जावई डोणगावला राहायला बोलावत होते. काकाजी हो म्हणत होते आणि जात नव्हते. काकाजी ओट्यावर बसले होते, मी पुढ्यात उभी होते. बाजार उठत आला होता, बैलगाड्यांची धूळ उन्हात सोनेरी होऊन तरंगत होती.

"पोरी," ते म्हणाले, "एक शब्द आठवून नाही राह्यला. जुना राजा गेला अन् नवा अजून गादीवर बसला नाही, त्या मधल्या काळाले काय म्हन्तात?"

"मला नाही माहीत, काकाजी."

"राहू दे," ते म्हणाले आणि माझ्यासाठी ओट्यावर जरा सरकले. "बस तोवर."