हातानं आवळलेले नट

डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं सांगितलं, त्याच्या तिसऱ्या दिवसापासून मी टायर बघायला लागलो.

माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा गेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. समोरच्या माणसाचे दोन्ही कान नीट दिसायचे, मधला चेहरा मात्र धूसर. अशा माणसानं गाडी चालवणं समोरच्याला परवडणारं नाही, हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं.

त्याच महिन्यात बायकोला मुख्याध्यापिकेची बढती मिळाली आणि बढतीबरोबर वैराग मिळालं. बार्शी रोडनं पन्नासेक किलोमीटर. एसटी आहे, पण शाळेत सगळ्यात आधी आपण पोचायचं असा तिचा हट्ट, आणि एसटीचा तसा काही हट्ट नाही. तेव्हा रोज गाडीनं जायचं ठरलं. तिचं लायसन्स वीस वर्षांचं. चालवणं मात्र भाजी मंडई आणि होटगी रोडवरचं माहेर, एवढंच. आमच्या घरी स्टिअरिंगवर कोण बसणार हा प्रश्न कधी निघाला नव्हता. खरं म्हणजे मीच निघू दिला नव्हता.

जूनच्या मध्यावर शाळा उघडणार होती. माझ्याकडं पाच आठवडे होते, आणि गाडीचे चारही टायर सहा वर्षांचे.

गाडी क्रॉसओव्हर. आतून साधी छोटी गाडी, पण छाती फुगवून उभी राहिलेली. येत्या निवडणुकीत वॉर्डातून उभं राहायचा विचार असलेल्या गृहस्थासारखी. अशा गाडीचे टायरही जरा रुंद आणि रुबाबदार असतात. आमच्या टायरांचा रुबाब उतरला होता. नक्षी झिजलेली, कडेला बारीक भेगा. समोरच्या घरातले मामा एसटीच्या आगारात टायर विभागातून निवृत्त झालेले, मूळचे वळसंगचे. त्यांनी भेगेत अंगठ्याचं नख घालून पाहिलं आणि म्हणाले, "पार गोटा झालंय की सर. बदला. आन बाईस्नी लांब जायचंय म्हनता, तर लवकर बदला."

मी कामाला लागलो. कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेला माणूस कामाला लागतो म्हणजे वही आखतो. अकरा टायर, सात रकाने. ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज, उष्णता, कडेची मजबुती वगैरे. डोळ्यांमुळं वाचन भिंगातून, नाहीतर फोनकडून ऐकून. फोन मला दिवसभर टायरांचे अभिप्राय वाचून दाखवायचा. हा टायर आत्मविश्वास देतो, असं सात जणांनी लिहिलं होतं. आत्मविश्वासाचा रकाना मी आखला नव्हता.

मुलगी कॅनडात असते. तिनं फोनवर निकाल देऊन टाकला. "बाबा, ऑल-सीझन घ्या. इकडं बरेच जण तेच घेतात."

"तुमच्याकडं सीझन किती?"

"चार."

"आमच्याकडं दोन. ऊन, आणि ऊन कधी कमी होतंय याची वाट बघणं."

"मग झालं की. दोन्हीला पुरेल."

तिकडं थंडीत साधं रबर दगडासारखं होतं म्हणाली. मी बाहेर जाऊन आमच्या टायरला हात लावला. मे महिन्यातली दुपार होती. हात लगेच काढून घ्यावा लागला.

पण तिच्या शब्दानं माझ्या डोक्यात भुंगा सोडला. बार्शी रोडला ऋतू नाहीत असं थोडंच आहे? उन्हाळ्यात डांबर मऊ होतं. पावसात ट्रॅक्टर शेतातनं निघतात आणि चाकांना लागलेला काळा चिखल डांबरावर आणून ठेवतात. त्यावर गाडी घसरली की ब्रेक ही फक्त पाय ठेवायची जागा उरते. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या, एकीमागं दुसरी, मागं दिवा नसलेल्या. या प्रत्येक ठिकाणी मला स्टिअरिंगवर ती दिसायची आणि शेजारच्या सीटवर मी दिसायचो. पहिला महिनाभर सोबत जायचं, स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून राहायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघू." आमच्या संसारात बघू म्हणजे काय, हे मला तीस वर्षांत नीट कळलेलं आहे. तरी मी ते होकारात धरलं.

सकाळी एक टायर पक्का व्हायचा, संध्याकाळी बाद. जेवताना मी टायरांबद्दल बोलायचो. बायको एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाली, "पण पंक्चर झालं तर?"

"याची कड मजबूत आहे. सहसा होत नाही."

"झालं तर म्हणते मी."

"म्हणून तर दुसरा बघतोय. त्याची अजून मजबूत आहे."

मी वहीत कडेच्या मजबुतीचा रकाना रुंद केला.

मामा संध्याकाळी कट्ट्यावर बसून हे सगळं ऐकायचे. "आमच्या थोरल्याचं लगीन येवढ्या दिसात जमलं, झालं, सून म्हायेराला जाऊन परत बी आली," ते म्हणाले. "टायर गोल पायजे आन काळा पायजे. बाकी समदं छापनाऱ्यांचं."

शेवटच्या आठवड्यात विजापूर रोडच्या नव्या शोरूममध्ये गेलो, आम्ही दोघं. टायरचं दुकान म्हणजे काळे हात आणि ग्रीसचा वास, अशी माझी समजूत. इथं सोफा होता, कॉफीचं मशीन होतं, आणि भिंतीवर उद्घाटनाचा फोटो. हार घातलेला टायर आणि हार घातलेले पाहुणे शेजारी शेजारी. त्यातला टायर ओळखायला मला बायकोची मदत लागली नाही. आमच्यासमोर आला तो विक्रेता नव्हता, टायर सल्लागार होता. छातीवर तशी पट्टी होती. मे महिना संपून जून लागला होता तरी गळ्यात टाय.

"सर, आपली ड्रायव्हिंग स्टाइल कशी आहे?"

"आता काही नाही."

तो जरा गडबडला. "मग मॅडमची?"

"हळू चालवते ती," मी म्हणालो.

"मॅडम इथंच बसल्यात," बायको म्हणाली. "त्यांनाच विचारा की."

त्यानं विचारलं, तिनं सांगितलं, आणि मग तिनं त्याला विचारलं, "पंक्चर झालं तर काय करायचं?"

"आपली चोवीस तास सेवा आहे मॅडम. एक फोन करायचा, बास."

"वैरागच्या वाटेवर मधल्या माळावर रेंज जाते."

"येतं आता नेटवर्क सगळीकडं."

मी तेव्हा फरशीवर बसलो होतो. टायरच्या कडेला तो कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला त्याचे चार आकडे असतात, उठावाचे. मी ते बोटानं वाचत होतो. डोळे गेल्यावर काहीतरी आपलं आपल्याला वाचता येतंय याचा मला इतका आनंद झाला होता की वर चाललेलं बोलणं कानावर पडलं, डोक्यात गेलं नाही. टायर ताजे होते. मी उठलो, गुडघे झटकले आणि हेच घ्यायचे असं जाहीर केलं. ऑल-सीझन. सल्लागारानं माझ्याशी हात मिळवला. आपण फोटोत असायला पाहिजे होतं असं मला क्षणभर वाटलं.

शुक्रवारी टायर बसले. हवेच्या गननं घर्र घर्र करत वीस नट वीस सेकंदांत आवळले गेले, निदान मला तरी तसं वाटलं. सोमवारी शाळा.

शनिवारी सकाळी बायकोकडून गाडी कडुनिंबाखाली उभी करवून मी मामांना बोलावलं. पाच आठवड्यांच्या अभ्यासाला एक तरी प्रेक्षक हवा होता. मामांनी गाडीला एक फेरी मारली. नक्षी बघितली नाही, नाव विचारलं नाही. एवढंच विचारलं, "नट हातानं आवळलं का गन मारली?"

"गन."

"मग एक खोलून बघा."

बायको आतून आली. डिकीतून गाडीबरोबर आलेला पाना काढला. सहा वर्षांत तो पिशवीतून बाहेर आला नव्हता. पिशवीची दोरी अजून दुकानातल्यासारखी बांधलेली. तिनं पाना नटाला लावला आणि जोर दिला. काही नाही. पदर खोचला, दोन्ही हातांनी दिला. काही नाही. मग मी. माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले, नट तसाच. शेवटी मामा चप्पल काढून पान्यावर चढले, भिंतीला हात टेकून, आणि सबंध वजनानं दोनदा उसळले. पाना सटकला. मामा खाली उतरले आणि सटकलेल्या पान्याकडं बघत राहिले.

"मशीन आवळतंय, मानसाला खोलता येत न्हाय," ते म्हणाले. "आमच्या आगारात ड्रायव्हर ह्यापायीच शिव्या घालायचे आमाला. रस्त्यात बसले की कळतंय."

मग त्यांनी डिकीतली सतरंजी उचलून खालची स्टेपनी अंगठ्यानं दाबली. अंगठा आत गेला. चार टायरांवर पाच आठवडे घालवणाऱ्या माणसाला पाचवा आठवला नव्हता.

बायको माझ्याकडं बघत नव्हती. पाना पुसत होती. "मी पाच आठवडे हेच विचारतेय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

तिनं तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा मी टायर ऐकला होता. माळावर गाडी बसली तर ती एकटी काय करेल, हा तिचा प्रश्न. माझं उत्तर एकच होतं: मी असेनच की शेजारी. ते मी मोठ्यानं कधी म्हटलं नाही, म्हणून ते किती बिनकामाचं आहे हेही कधी कळलं नाही. शेजारी बसून मी काय केलं असतं? नटापुढं माझं काय चाललं ते तिघांनीही आत्ताच पाहिलं होतं.

दुपारी आम्ही तिघं पुन्हा शोरूममध्ये. सल्लागार हसून म्हणाला, "मॅडम, मशीनचं आवळणं एकदम परफेक्ट असतं."

"मग तुम्ही खोलून दाखवा. ह्या पान्यानं."

त्यानं टाय शर्टाच्या आत घातला. सोफ्यावरची दोन गिऱ्हाइकं वळून बसली. त्यानं दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केलाच नाही, आणि फिटरला हाक मारली. फिटर हसत आला. पान्याला हातभर लांब पाइप लावून त्यानं एकेक नट ढिला केला.

"आता आवळू नको," मामा त्याला म्हणाले. "बाई आवळत्यात."

आणि मग माझी बायको विजापूर रोडच्या त्या गार, गुळगुळीत फरशीवर बसली. मामा शेजारी उकिडवे. नट ओळीनं आवळायचे नाहीत, एक सोडून एक. शेवटी पान्यावर पाय ठेवून अंगाचं वजन टाकायचं, उड्या मारायच्या नाहीत. आणि चार दिवसांनी परत एकदा बघायचे. मामा मोजताना कानडीत जातात. "वंदु, येरडु, मूरु," ते म्हणायचे आणि तिनं पाना फिरवायचा. दुसऱ्या चाकाला तीही तसंच मोजायला लागली. तिसऱ्या चाकाला मामा गप्प बसले. चौथं तिनं एकटीनं केलं, परत खोललं, परत आवळलं. सल्लागारानं तिच्यासाठी आणलेली कॉफी सोफ्याच्या हातावर निवून गेली. चाकांवरच्या चार टोप्या माझ्या मांडीवर दिल्या होत्या. त्या मी व्यवस्थित सांभाळल्या.

रविवारी कडुनिंबाखाली तिनं जॅक लावून सबंध चाक काढलं, हवा भरलेली स्टेपनी बसवली, परत बदललं. मी वेळ लावायचं म्हणालो तर म्हणाली, "नको. लागेल तेवढा लागू दे."

सोमवारी साडेआठला ती गाडीत बसली. मी चपला घालून उभा होतो. खांद्याला पिशवी, पिशवीत भिंग आणि डबा.

"तुम्ही कुठं?"

"सोबत."

"पंक्चर झालं तर काय करणार?"

"टोपी धरीन."

ती हसली. काच वर घेता घेता म्हणाली, "चालवताना फोन घेणार नाही हं. करू नका." गाडी वळणावर जाईपर्यंत मला मागचे दिवे कडेनं दिसले, मधोमध बघितलं की गायब व्हायचे. मग मी चपला काढल्या. डबा ओट्यावर ठेवला.

नऊला ती माळावर असणार होती. सव्वानऊला कुठं असेल ते मी काढलं, आणि मग वाटेत ट्रॉली पुढं असेल असं धरून परत काढलं. फाटकापर्यंत जाऊन आलो. वही उघडली, अकरा टायर, सात रकाने, मिटली. पावणेदहाला फोन वाजला. मेसेज होता. डोळ्याच्या कोपऱ्यात धरून वाचला. "पोचले."

मी लिहिलं, "टायर कसे वाटले?"

उत्तराला बराच वेळ लागला. मुख्याध्यापिकेला पहिल्या दिवशी इतर कामं असतात हे मी समजून घेतलं. मग आलं: "टायर? लक्षातच आलं नाही."

मी ते दोनदा वाचलं. अकराही टायरांबद्दल वाचलेल्या सगळ्या अभिप्रायांत असं कुणी लिहिलेलं नव्हतं.

समोरून मामा आले. "पोचल्या का बाई?"

"पोचली."

"मग आता का येरझाऱ्या?"

"परत यायचंय की, मामा," मी म्हणालो, आणि फाटकाकडं निघालो.