पदर तोंडावर नको

दौंडला आमच्या गल्लीतला एक जण लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. शॉट नीट आला नाही म्हणून सासरी निघालेल्या नवरीलाही तो दुसऱ्यांदा रडायला लावायचा, याचा मला राग यायचा. लग्नसराई संपली की त्याच कॅमेऱ्यावर स्वतःचा पिच्चर काढायचा. दर पिच्चरमध्ये आई मरायची, आणि ते काम त्याची सख्खी आईच करायची. संगीतासाठी रिकाम्या बँडवाल्यांना तो कांद्याच्या गोदामात न्यायचा, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या लावायचा आणि तासन्‌तास क्लॅरिनेट वाजवून घ्यायचा. हे पिच्चर आमच्या गल्लीबाहेर कुणी पाहिले नाहीत.

मी हॅलोजनचा दिवा धरायचो. रडायला शेजारच्या बाया असायच्या. त्यांना तो बजावायचा, "मावशी, पदर तोंडावर घिऊ नका, रडल्यालं दिसत न्हाई. मान वर करा आन् मोठ्यानं रडा."

तो "कट" म्हणाला की बाया गप्प व्हायच्या. मग मेलेली म्हातारी चटईवरून उठायची आणि सगळ्यांसाठी चहा ठेवायची.

ती खरंच गेली त्या सकाळी त्याच बाया तिच्याभोवती जमल्या. एकीनंही पदर तोंडावर घेतला नाही. सगळ्या मान वर करून मोठ्यानं रडत होत्या. तो भिंतीला टेकून एकेकीचा चेहरा बघत होता. मग त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि हळूच म्हणाला, "कट."

बाया सवयीनं गप्प झाल्या. आणि आम्ही सगळे म्हातारीकडं बघत राहिलो. मीसुद्धा.