प्रचार थांबला तेव्हाचं मागचं दार

गेल्या महिन्यात चहाच्या टपरीवर पुन्हा तोच वाद निघाला. देशावर पैशाचं संकट आलं, तर उमेदवारांनी प्रचार थांबवावा की नाही? एके काळी माझं उत्तर ठरलेलं होतं. जो थांबतो, त्याच्या पोटात काहीतरी असतं. या एका समजुतीने मी माझ्या सगळ्यात जुन्या मित्राचं नाव घालवलं.

नोटाबंदी झाली तेव्हा आमच्या भंडाऱ्यात नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. मित्र पितळी भांड्यांचा दुकानदार. आमच्या वॉर्डातून उभा राहायचं त्याच्या मनात बरीच वर्षं होतं. मी एसटीतून निवृत्त झालेलो, स्टँडवर येणारा-जाणारा ओळखणारा, म्हणून प्रचार माझ्याकडे. ऑटोला भोंगा बांधून झाला होता, पत्रकं आली होती. तेवढ्यात बँकांपुढे रांगा लागल्या आणि एका सकाळी तो म्हणाला, "भोंगा सोड."

"काहून?"

"लोकं तिकडे रांगेत पाय मोडून राहिले, अन् आपण त्याह्यच्या कानात मत मागाचं? मले नाही जमत. हे निवळेपर्यंत प्रचार बंद."

"अन् समोरचा?"

"त्यालेही निरोप धाडला."

समोरचा म्हणजे तेव्हाचा नगरसेवक. त्याने निरोपाचं उत्तर भोंग्यावरूनच दिलं: संकटात जो घरी बसतो, तो निवडून येऊन काय करणार? वर त्याची पोरं चिन्हाच्या टोप्या घालून रांगेतल्या लोकांना पाणी वाटू लागली. मीही रांगेत होतो. पुढची म्हातारी मागे वळून म्हणाली, "पानी तं पाजलं ना बाप्पा त्यानं. तुमचा कुठी लपला?"

तिचं काही चुकत नव्हतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी संशयात शोधू लागलो. इतकी वर्षं वाट पाहिलेला माणूस ऐन वेळी बसतो कसा? आधी वाटलं, घरात दडवलेल्या नोटांचा कागद झाला असेल. मग वाटलं, समोरच्याशी आतून जमवलं. त्याच्या बोलण्यात नवी सावधगिरी दिसायची. मी दुकानात शिरलो की आतल्या खोलीचं दार लोटलं जायचं.

एका संध्याकाळी मागच्या गल्लीने त्याच्याकडे निघालो होतो. त्याच्या दुकानाच्या मागच्या दारातून समोरच्याचा एक कार्यकर्ता बायकोला घेऊन बाहेर आला. दोघांच्या हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड. चादर सरकली तिथे पितळेचा काठ चमकला. मला पाहून त्याने मान खाली घातली. आमच्या गावात पितळ चमकलं म्हणून कोणी दचकत नाही. पण लग्नाची घागर, परात लोक भर बाजारातून मिरवत नेतात. झाकून, मागच्या दाराने कोणी नेत नाही.

मी मित्राला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. टपरीवर मात्र मला कोणीतरी छेडलं, "तुमचा मानूस काहून बसला घरी, भाऊ? सौदा झाला का?"

मी बशीत चहा ओतत म्हणालो, "मले का मालूम? समोरचं दार बंद हाये, मांगचं पाहा."

सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी आचारसंहितेचं पथक मागच्या दाराशी उभं. घागरी, पराती, भाताचे गंज गल्लीत मांडले गेले. शेजारी पोचे पडलेल्या जुन्या पितळेचा ढीग. मित्र शांतपणे सांगत होता, ही मोड आहे. आमच्याकडे लोक जुनं पितळ देऊन वजनाला वजन नवं भांडं नेतात, वर फक्त घडणावळ रोख द्यायची. लग्नाचे दिवस, रोख कोणाजवळ नाही. म्हणून त्याने घडणावळ सोडून दिली होती. ज्याची मोड त्याला भांडं, मग तो कोणाचाही कार्यकर्ता असो.

"मग लपवलं कशाला?" पथकाच्या साहेबांनी विचारलं.

"उभा हावो ना, साहेब. समोरून देल्लं तं मतासाठी देल्लं म्हनतीन. म्हनून प्रचार बंद केला. दोन्ही एकासंगं नाही करता येत."

मी गर्दीच्या मागे उभा राहून हे ऐकलं. पुढे होऊन दोन शब्द बोलता आले असते. घरी निघून गेलो. पथकाला काही गैर सापडलं नाही, पण तोवर बघे पांगले होते. त्यांनी गल्लीत मांडलेली भांडी तेवढी पाहिली. 'भांडे वाटणारा' हे नाव त्याला चिकटलं. तो पडला, आणि पुन्हा कधी उभा राहिला नाही.

यंदा त्याची सून उभी होती. टपरीवरच्या त्या वादात कोणीतरी म्हणालं, "हिचा सासरा नोटाबंदीत भांडे वाटे." मी म्हणालो, ती गोष्ट माझ्याच तोंडून निघाली, आणि ती खोटी होती. मग एक जण म्हणाला, "आताच बरं आठवलं, काका! सूनबाईनं प्रचारात घेतलं वाटते." हशा झाला. तो हशा मला ओळखीचा होता.

मी उठून मित्राच्या दुकानात गेलो, समोरच्या दाराने. सगळं सांगितलं. तो परात पुसत होता. म्हणाला, "मालूम हाये मले. टपरीवरचं हसू दुकानापर्यंत आलं होतं."

"मंग मोडीचं मले तवाच काहून नाही सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं, तं तू त्याचाच भोंगा केला असता."

राग आणून पाहिला. आला नाही. तेव्हा त्याने सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत मी खरंच त्याची घोषणा करून टाकली असती.

मी निघताना तो म्हणाला, "आता गावभर सांगत नको फिरू, गड्या. लोकं म्हनतीन सुनेसाठी बोलून राहिला. सांगाचं असन तं मतदान झाल्यावर सांग."

मतदान काल झालं. पेट्या बंद आहेत, निकाल लागायचा आहे. आज लिहिलं आहे.